पाण्यामागची पेर

माझ्या माहेराला आता लोक स्वर्ग म्हणतात. परवाच आमच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाई सुट्टी काढून तिकडे जाऊन आल्या आणि माझ्या औषधाच्या खिडकीशी उभ्या राहून मोबाइलवर फोटो दाखवायला लागल्या. डोंगर, डोंगराच्या कुशीत तळं, तळ्यावर धुकं, धुक्यात एक पिवळी होडी आणि काठाने पांढऱ्या तंबूंची रांग. "शोभाताई, इतक्या सुंदर गावच्या तुम्ही, आणि कधी बोलला नाहीत! स्वर्ग आहे हो, अक्षरशः स्वर्ग." मी गोळ्यांची पाकिटं लावत होते. "हो का," म्हटलं आणि पाकिटं लावत राहिले. त्याहून एक शब्द जास्त बोलले असते, तर रांगेतल्या लोकांना त्या दिवशी औषधाऐवजी भलतंच काही ऐकायला मिळालं असतं.

माझ्या नाकावर राग असतो, हे सगळ्या देऊळगाव राजाला ठाऊक आहे. सासरचे म्हणतात, सातपुड्याकडचं पाणी आहे ते, उकळायला वेळ लागत नाही. बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून 'मले' किंवा 'तुले' निघून गेलं की इथल्या जावा एकमेकींकडे बघून हसतात, तेव्हाही मला राग येतो. रिक्षावाल्याचा येतो, मिक्सरचा येतो, नवऱ्याच्या घोरण्याचा तर रोजचाच. हे सगळे राग संध्याकाळपर्यंत विरून जातात. एक राग मात्र ऋतूबरोबर येतो आणि ऋतूबरोबरच जातो. मार्गशीर्ष लागला, बालाजीच्या देवळाकडच्या रस्त्याला बायका टहाळाच्या, म्हणजे ओल्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन बसायला लागल्या, की तो उठतो. पूर्वी या दिवसांत मला माहेरची ओढ लागायची. मी वजन न करता दोन-दोन जुड्या उचलायची आणि घरी पोचेपर्यंत अर्धे घाटे वाटेतच खाऊन टाकायची. आता त्या बायांकडे न बघता पुढे निघून जाते. त्यांचा काही दोष नाही, हे मला कळतं.

आमचं गाव म्हणजे गावही नाही, वाडी आहे. जळगाव जामोदहून एसटीने डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं, घाटाची वाट चढायची, पलीकडे उतरायचं, की तिन्ही बाजूंनी सातपुडा आणि मधे खोरं. खोऱ्यात तीन तळी, एकाखाली एक. वरची दोन लहान, उन्हाळ्यात म्हशी डुंबण्यापुरती उरणारी. खालचं मोठं, बंधाऱ्याच्या भिंतीमागचं. ही भिंत माझ्या जन्माआधी बांधली गेली, तेव्हा वाडीची चांगली काळी जमीन त्या तळ्याच्या पोटात गेली. ज्यांची गेली, त्यांना तळं ती दर वर्षी थोड्या दिवसांसाठी परत द्यायचं. दिवाळी झाली, खालच्या गावांसाठी कालव्याला पाणी सोडलं, की तळं ओसरायला लागायचं आणि पाण्याखालून गाळाची जमीन वर यायची. तिच्यात पेरायचं, आणि पुढच्या पावसाने तळं भरायच्या आत काढून घ्यायचं. गाळपेर म्हणतात तिला. नांगरटीला कष्ट नाहीत, खत नको, पाणी नको. जमीन स्वतःच ओल धरून असते. फक्त थांबता आलं पाहिजे. घाई करून उतरलेला बैल पोटापर्यंत रुतायचा आणि मग सगळी वाडी दोर घेऊन त्याला ओढायला, आणि मालकाला हसायला.

तो वास अजून माझ्या नाकात आहे. उघड्या पडलेल्या गाळाचा वास चांगला नसतो. त्यात कुजलेलं शेवाळ असतं, शिंपले असतात, डबक्यात अडकून मेलेले मासे असतात. शहरातून आलेला माणूस नाकाला रुमाल लावील. आम्हाला मात्र तो वास आला की भूक लागायची. दिवाळीचा फराळ संपलेला, घरातली ज्वारी तळाशी गेलेली, आणि खोऱ्यातून तो वास वर यायचा. माय दारात उभी राहून नाक वर करून हुंगायची आणि म्हणायची, "सुटलं पानी."

गाळाखाली बांध राहत नाहीत, त्यामुळे जमीन दर वर्षी नव्याने वाटून घ्यावी लागे. हे वाटप रहीमचाचा करायचे. रहीमचाचा अंबाडीचे दोर वळणारे. त्यांची जमीन बुडाली नव्हती, म्हणून त्यांना गाळात हक्क नव्हता, आणि म्हणूनच मोजणी त्यांच्याकडे. ज्याचा वाटा नाही त्याच्या हाती दोर, असा वाडीचा नियम. आपल्या हाताने आपलं ताट वाढून घ्यायची मुभा कुणालाच नव्हती. चाचा सकाळी यायचे, डोक्याला मफलर, खांद्यावर दोराचं वेटोळं, आणि वरून खाली एकेका घराची पट्टी मोजत यायचे. भांडणं व्हायची, शिव्या व्हायच्या, पण चाचांनी रोवलेली खुंटी कुणी उपटली नाही. शेवटची पट्टी झाली, की खाली ओला, चकाकणारा चिखल आणि त्यापलीकडे पाणी. तिथे चाचा थांबायचे, दोर गुंडाळायचे आणि म्हणायचे, "इथून खाली पान्याचं." मग सगळे वर चढून चहा प्यायला जायचे.

पाण्याचं म्हणजे कुणाचं, हे कुणी विचारायचं नाही. त्या चिखलात बैल जात नाही, नांगर चालत नाही. तिथे कमरेला ओटी बांधून, अनवाणी, मुठीने बी फेकत जावं लागतं. पाणी हातभर मागे सरकलं की आपण हातभर पुढे. आठ दिवसांनी पुन्हा सरकलं की पुन्हा पुढे. होळीपर्यंत ही पेरणी चालू असते. वर हरभऱ्याला घाटे धरलेले असतात आणि खाली अजून कोंब निघत असतात. असं पाण्याच्या मागे मागे जाऊन पेरणं हे वाडीत एकाच बाईचं काम असायचं. ज्या घरात कर्ता पुरुष नाही आणि गाळात पट्टीही नाही, त्या घरची बाई न सांगता काठावर उतरायची. तिला कुणी बोलवायचं नाही, कुणी परवानगी द्यायची नाही. सगळ्यांची तोंडं दुसरीकडे. मात्र वरच्या पट्टीतला बैल चुकून खाली वळला तर धनी धावत जाऊन त्याला वळवायचा. सोंगणी झाली, की कुणाची तरी रिकामी गाडी नेमकी त्याच वाटेने घराकडे निघालेली असायची.

आणि तिचं नाव घ्यायचं नाही. हा सगळ्यात मोठा नियम. माझ्या लहानपणी काठावर गुंफामावशी पेरायची. नवरा गेलेली, पदरात दोन पोरी, बोलण्यात तिखट. एकदा आम्ही पोरं तळ्याकडे चाललो होतो आणि आमच्या शेजारचा बंडूभाऊ, तेव्हा असेल दहाएक वर्षांचा, मोठ्याने ओरडला, "ते पाय, गुंफामावशीचं वावर!" त्याच्या बापाने तिथल्या तिथे त्याच्या थोबाडीत दिली. बंडूभाऊला काही कळलं नाही, मलाही नाही. मी घरी येऊन मायला विचारलं. माय भाकरी थापत होती. म्हणाली, "नाव घेतलं का ते देल्ल्यावानी होते. तिले कोनं देल्लं नाई. पान्यानं सोडलं, तिनं पेरलं." मग परातीतलं पीठ गोळा करत म्हणाली, "उद्या मी असन तिथं, नाई तं तू. तवा समजन."

सकाळी मी मावशीकडे जायची ती आंबेसाठी. हरभऱ्याच्या पानांवर रात्रीतून आंबट दव धरतं. पहाटे पातळ धडपा पिकावरून फिरवायचा आणि वाटीत पिळायचा. पोट दुखलं की तीच आंब थेंब थेंब जिभेवर. आता मी दिवसभर खिडकीतून पोटदुखीच्या गोळ्या देते आणि मनात म्हणते, यांना कुणी पहाटे हरभऱ्यातून चालवायला हवं. पाय थंडीने बधिर व्हायचे, परकराचा घेर ओला व्हायचा, आणि धुक्यात मावशी मला दिसायचीही नाही, नुसता तिचा आवाज यायचा, "हळू चाल वं, घाटे मोडशीन." तेच धुकं डॉक्टरीणबाईंच्या फोटोत होतं. त्यांना त्यात होडी दिसली.

आमच्या घराला पट्टी नव्हती. बापू गवंडी होता, पुढे दादाही गवंडी झाला. दुसऱ्यांची घरं बांधत दोघे घाटाखाली फिरायचे. बापू आणि माय गेले, त्यानंतर काही वर्षांनी दादाही गेला. कावीळ झाली, कुणीतरी गळ्यात मंतरलेली माळ बांधली, ती लांबत पायापर्यंत आली की कावीळ उतरेल म्हणून वाट बघत बसले, आणि मला कळवलं तेव्हा उशीर झाला होता. मी औषधं देणारी बाई आणि माझ्या भावाच्या गळ्यात माळ. पण तो राग वेगळा, त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही.

दादाचं वर्ष झालं आणि पुढच्या मार्गशीर्षात वैनी काठावर उतरली. तोवर गुंफामावशी थकून लेकीकडे गेली होती. मी तेव्हा आठ दिवस राहायला गेले होते. सकाळी चहाचा कप ओट्यावर ठेवून वैनी ओटी बांधून निघाली. मी मागे गेले. वरच्या पट्ट्यांमधून आम्ही दोघी जात होतो आणि एकेक माणूस आम्हाला बघून खाली वाकत होता, कुणी तण उपटायला, कुणी चप्पल नीट करायला. मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. मला वाटलं, काय माणसं आहेत माझ्या गावची. कुठल्या शाळेत शिकली ही?

त्या काठावर वैनीने वर्षाची डाळ काढली, बेसन काढलं, मधल्या जागेत धने आणि पालक काढला. पोरगी, पिंकी, शिकायला बुलढाण्याला गेली. वैनी सिंधू नावाची बाई आहे, अंगाने काटक, बोलायला कमी. दादा गेल्यावर ती मान खाली घालून चालायची. काठावर उतरायला लागल्यापासून तिची मान वर आली. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ऐकीव नाही. लग्नकार्यात ती पहिल्या पंगतीला बसायची आणि वाढणाऱ्याला "अजून घाल" म्हणायची. ज्याच्या घरी स्वतः पिकवलेला हरभरा आहे, त्यालाच तसं म्हणता येतं.

मग तो नौकावाला आला. कुठून तरी मोठ्या शहराकडून. नाव मी लिहीत नाही, लिहिलं तर माझ्याच हाताला वास येईल. खालच्या गावांनी आता बोअर घेतलेत, कालव्याचं पाणी मागायला कुणी येत नाही, मग भरलेलं तळं दिवाळीनंतर रिकामं कशाला करायचं, असं त्याने बघितलं. पाणी थोडंसं उतरू द्यायचं, वरच्या पट्ट्या उघड्या पडल्या की तिथे तंबू, आणि त्याखाली पाणी होळीपर्यंत धरून ठेवायचं होड्यांसाठी. ज्यांच्या पट्ट्या, त्यांना तंबूंचं भाडं. पेरायला नको, सोंगायला नको, रानडुकरं राखायला नको. वाडीने माना डोलावल्या. मी त्यांना त्यासाठी दोष देत नाही. थंडीत गुडघाभर चिखलात उभं राहण्याचं कौतुक खुर्चीत बसलेल्यांनाच असतं.

पण पुढचं ऐका. दिवाळीनंतर पाणी शेवटच्या पट्टीपर्यंत उतरलं, तेव्हा नौकावाल्याचा मॅनेजर कुणाची जागा कुठली हे ठरवायला आला. सोबत बंडूभाऊ, आता पन्नाशीकडे झुकलेला, वाडीतला पुढारी. रहीमचाचाही होते, कारण पट्ट्या त्यांना पाठ. वरून खाली चालत आले. ही कुणाची, ती कुणाची. शेवटच्या पट्टीला मॅनेजरने विचारलं, "आणि याच्या खाली? पाणी धरलं तर खालच्या जमिनीवर कुणाचं नुकसान?"

सगळ्यांची तोंडं दुसरीकडे वळली. मग बंडूभाऊ म्हणाला, "खाली कोनाचं नाई. खाली पान्याचं."

हे मला चाचांनी सांगितलं. मागच्या मार्गशीर्षात मी गेले तेव्हा ते ओसरीवर अंबाडीचा पीळ मांडीवर वळत बसले होते. मी कडाडले, "आणि तुम्ही? तुम्ही काऊन नाई बोलले चाचा? तुमच्यासमोर वैनी आठ साल तिथं पेरते!"

"बेटी," चाचा म्हणाले, "जिंदगीभर मी दोर वढला. खालचं नाव कधी तोंडातून काढलं नाई. त्या दिवशी बी जबान उचललीच नाई. वाटलं, मी नाव घेतलं तं सिंधूची इज्जत जाईन. घरी आलो आन् मंग समजलं का काय होऊन राह्यलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा राग त्यांच्यावर टिकेना, आणि तो टिकत नाही याचाही मला राग आला.

बंडूभाऊचं मात्र मला आजही उमगलेलं नाही. त्याने बापाची थोबाडीत खाऊन शिकलेला नियम पाळला, की नियमाच्या आड लपून आपल्या तंबूंचं भाडं पक्कं केलं? त्याला विचारलं तर तो म्हणतो, "मी का खोटं बोललो? तिथं वाटा कोनाचा व्हता सांग." खोटं तो बोलला नाही. सभ्यपणा आणि लबाडी दोन्ही एकाच तोंडाने एकच वाक्य बोलतात, तेव्हा माणसाने कुणाच्या नावाने बोटं मोडायची? आमच्या वाडीला एका बाईचा मान राखायचा एवढा सराव झाला होता, की तिचं पोट राखायची वेळ आली तेव्हा सगळे मान राखत उभे राहिले. मॅनेजर खूश होऊन गेला. पहिल्यांदाच एवढं बिनविरोध गाव भेटलं म्हणाला म्हणे.

मार्गशीर्षात वैनी रोज सकाळी तळ्यावर जायची. पाण्याच्या कडेला तिने एक काडी रोवली होती. पाणी सरकलं की काडी कोरड्यात यावी. काडी रोज पाण्यातच. मी पोचले त्या दिवशी मीही तिच्याबरोबर गेले. वर तंबूंच्या दोऱ्या ताणलेल्या, पट्ट्यांवर वाळू पसरलेली, एका ठिकाणी झुला, आणि कुणीतरी दगडांवर पांढऱ्या रंगाने बदाम काढलेला. त्या वासाचा पत्ता नव्हता. गाळ पाण्याखाली होता आणि पाणी स्वच्छ, निळं, शोभिवंत. वैनी काडीपाशी बसली. "उनानं आटन थोडंसं," ती म्हणाली. "पौषात उन तापते." उन्हाने किती आटतं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. होडीतून एक मुलगी हात हलवत होती. वैनीनेही सवयीने हात हलवला. मला त्या मुलीचा राग आला, मग वैनीचा आला.

दोन दिवसांनी शाळेच्या ओट्यावर मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं. पाहुण्यांना चुलीवरची भाकर, भरीत, ठेचा असं खायला द्यायचं होतं, त्यासाठी वाडीतल्या बायका हव्या होत्या. तरुण पोरगा, बोलायला गोड, प्रत्येकाला काका-मावशी म्हणणारा. त्याने सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "आपल्या प्रकल्पात कुणाचंच नुकसान नाही, ही मला सगळ्यात समाधानाची गोष्ट वाटते."

मी उठणार होते. शब्द तोंडात तयार होते, चांगले सोललेले. तेवढ्यात माझ्या शेजारून वैनी उठली. पदर घट्ट केला आणि म्हणाली, "काठ माहा व्हता."

तिचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटपर्यंत गेला. मॅनेजर गोंधळला. "कोणता काठ मावशी?"

"पट्ट्याइच्या खालचा. मी पेरत व्हती तिथं. आठ साल. हे सगळे पाहात व्हते."

कुणी वर बघेना. बायका एकमेकींच्या पदराकडे बघत होत्या, म्हातारे काठीच्या टोकाकडे. रहीमचाचांनी मफलर तोंडावर ओढून घेतला. मॅनेजरने बंडूभाऊकडे बघितलं. बंडूभाऊ उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "हाव, पेरत व्हती वैनी. आता असं करू, आपन सगळे मिळून वैनीले आपल्या भाड्यातून थोडं थोडं देत जाऊ. काऊन? वाडीची बाई हाये, तिले काय उपाशी ठेवनार हावो?"

ओट्यावर एकदम सुटल्यासारखं झालं. हाव, हाव, देऊ, काऊन नाई देनार. माणसं बोलायला लागली, हसायलाही लागली. प्रत्येकाला आपलं औदार्य सापडलं होतं. मॅनेजर म्हणाला, "वा, ही खरी गावाची एकी!"

वैनी उभीच होती. सगळे गप्प होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "मले देऊ नका. मले आजपावतर कोनं काही देल्लं नव्हतं. पेरलं मी, खाल्लं मी. मी मांगाले उभी नाई राह्यली. काठ व्हता, एवढं सांगाले उभी राह्यली." आणि ओट्यावरून उतरून चालू लागली.

मी तिथे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आयत्या बिळावरचा नागोबा हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द होता. मॅनेजर हात जोडून "ताई, ताई" करत होता. त्याचा काय दोष, त्याने विचारलं होतं, आणि सगळ्या गावाने उत्तर दिलं होतं. हे समजत असूनही मी त्याला सोडलं नाही. राग न्याय करायला बसत नाही, तो समोर दिसेल त्याला धरतो.

घरी आले तेव्हा वैनी चुलीपुढे बसली होती. मी म्हटलं, "बरं केलं बोललीस. आपन अर्ज करू, तालुक्याले जाऊ, पाणी सोडाले लावू." तिने जाळ पुढे सारला. मग म्हणाली, "समज, सोडलं त्याहिनं पानी. पुढच्या साली मी कोनत्या तोंडानं उतरू बाई? आता सगळे पायतीन. म्हनतीन, मांगून घेतला तिनं."

जमीन परत मिळवायला कचेऱ्या आहेत, वकील आहेत, मोर्चे आहेत. न बघणारे डोळे परत कुठून आणायचे? त्या पट्ट्यांमधून आम्ही दोघी गेलो तेव्हा चप्पल नीट करायला वाकलेली ती माणसं आता वाकणार नाहीत. ती आता वैनीकडे दयेने बघतील, आणि दयेने बघणं त्यांना फार आवडायला लागलं आहे. त्यांनी विकलं ते हे. तंबूंची जागा तर नुसती भाड्याने गेली.

दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. सकाळी उठले तर वैनी घरात नव्हती. चूल थंड, दार पुढे ओढलेलं. मी अनवाणी तळ्याकडे धावत सुटले. वाटेत नाही नाही ते मनात आलं, आणि ते मनात येतं याचाही संताप. तळ्यावर धुकं होतं. काडीपाशी कुणी नव्हतं. लोकरीच्या टोप्या घातलेलं एक जोडपं होडीची वाट बघत उभं होतं, त्यातली बाई मोबाइल पुढे करून म्हणाली, "ताई, आमचा एक फोटो काढता का? मागे पाणी येऊ द्या." मी म्हटलं, "नाही." ती बिचारी दचकली. मी तशीच माघारी धावले.

वैनी घरीच आली होती. चूल पेटलेली, तिच्या हातांना, कोपरांपर्यंत, पिवळं पीठ. शेजारी डबा, आणि डब्यातून गिरणीच्या ताज्या पिठाची ऊब येत होती. कोपऱ्यात बियाण्याचं मडकं पालथं पडलं होतं, आजूबाजूला त्यातली राख आणि कडुनिंबाचा वाळका पाला. त्याच गाळातून काढून त्याच गाळात टाकायला ठेवलेला हरभरा होता तो. कितीही अडचण आली तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही, हे आमच्या खोऱ्यातल्या लेकरालाही कळतं.

"वैनी," मी म्हटलं, "बी दळलं?"

"हाव," ती म्हणाली. कढईत फोडणी तडतडली. "ठेवून का करू? किडे पडतीन." तिने पिठाची धार सोडली, उलथन्याने गाठी मोडल्या, झाकण ठेवलं. मग ताट मांडलं, भाकर ठेवली, वर पिठल्याचा मोठा गोळा घातला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "खाय. तुही गाडी निघून जाईन."

मी जेवले. तिने दुसऱ्यांदा वाढलं, तेव्हाही मी नाही म्हटलं नाही.